स्टेनलेस कीटक-पिना: चौकटी भुंग्यांसाठी घ्याव्यात का?

ठाण्यात प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानात मिळणाऱ्या ३८ मिमी स्टेनलेस पिना क्लेरिडी कुळातल्या, म्हणजे चौकटी भुंग्यांचे नमुने टोचून ठेवायला जरूर घ्या. सात-आठ मिमीच्या नमुन्याला १ नंबर (०.४० मिमी जाडीचा) पुरतो, पिन उजव्या पंखकवचातून, सरळ खाली. त्याहून लहान भुंगा त्रिकोणी कार्डाच्या टोकावर चिकटवावा, डिंकाचा ठिपका फक्त उजव्या कुशीला. नव्या जातीचं वर्णन लिहिताना पोटाकडची लव आणि पावलांची पेरं पाहावी लागतात. लवेत डिंक शिरला की नमुना निम्मा वाया. काही पिनांची टोकं बोथट निघतात, भिंगाखाली निवडून घ्या. काळ्या पिना स्वस्त, पण खाडीकाठच्या दमट हवेत गंजतात. होलोटाइपला (ज्या एका नमुन्यावर नव्या जातीचं नाव ठरतं त्याला) तर नकोच! पिनांसोबत मिळणारी लेबलं पातळ आहेत, जाड आम्लविरहित कागद वेगळा आणा.