एपॉक्सी सांगून गाडीची पुट्टी भरली: होडीच्या तळाचं काम देताना सावध राहा

फायबर होडीच्या तळाचं काम म्हणून एका कंत्राटदाराने आमच्याकडून ६८,४०० रुपये उकळले. घासकाम आणि एपॉक्सी फिलरने फोड-खड्डे भरणं १८,५००, एपॉक्सी प्रायमर १४,९००, अँटिफाउलिंग (तळाला शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून मारायचा रंग) २० लिटर, १,७५० च्या भावाने ३५,०००. त्यातले ४०,००० आगाऊ यूपीआयने, उरलेले २८,४०० रोख, होडी पाण्यात उतरायच्या आदल्या दिवशी. दिवाळीच्या आतच रंगाचे पोपडे सुटले, पुट्टीचे गोळे गळाले आणि उघड्या पडलेल्या खड्ड्यांत शिंपले धरले. परत क्रेन, परत भाडं, वर धंद्याचे दिवस बुडाले.

तळपायाची आग मस्तकात जाते ती त्या नळीमुळे. पुट्टी कालवताना एक मोठा डबा आणि करंगळीएवढी लाल हार्डनरची नळी, एवढंच समोर होतं. चार बोटं करडा लगदा, त्यात नळीतलं चिमूटभर, आणि दहा-पंधरा मिनिटांत घट्ट. ही गाडीची पॉलिस्टर पुट्टी! एपॉक्सी फिलर दोन डब्यांत येतो, छापलेल्या मापाने, एकास एक किंवा दोनास एक असा मिसळावा लागतो आणि सुकायला कित्येक तास घेतो. वासही वेगळा. पॉलिस्टरचा उग्र वास नाकात शिरतो, फायबरच्या कारखान्यात येतो तोच. सगळं डोळ्यांदेखत चाललं होतं. पण मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, क्रेनला रांग, वरून पाऊस. जूनमध्ये ठरलेलं काम त्याने मुद्दाम शेवटच्या आठवड्यावर ढकललं, कारण त्या घाईत नळी कोण बघतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पैसे मोजून काम देणाऱ्याने कारागिराच्या डोक्यावर उभं राहायचं का?

ही पुट्टी पाण्याखाली का टिकत नाही? तिच्यात भुकटी ठासलेली असते, ती पाणी ओढते, फुगते आणि रंगासकट सुटते. आमच्या तळाचा गळालेला तुकडा नखाने खरवडला तर खडूसारखा पांढरा भुगा निघाला. फोडांवर तर त्याने वरूनच लिंपलं होतं. फोड आधी फोडायचा असतो. आत आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी निघालं तर पक्क्या फायबरपर्यंत ग्राइंडरने खोदायचं, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचं आणि मॉइश्चर मीटरवर आकडा उतरेपर्यंत वाळू द्यायचं. हे आठवड्यांचं काम आहे, पावसात ताडपत्रीखालीसुद्धा. मग एपॉक्सी फिलर. सुकल्यावर त्यावर येणारा चिकट थर गोड्या पाण्याने धुऊनच ८० नंबरचा कागद मारा, नाहीतर पुढचा रंग धरत नाही. बारीक छिद्रं अँटिफाउलिंगच्या जाड हाताने बुजवतो म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा, तो रंग भरावासाठी नसतोच.

लिटरांचा हिशेब स्वतः करा. पाण्यालगतची लांबी गुणिले रुंदी अधिक पाण्यातली खोली: १२ × (३.५ + १) = ५४ चौरस मीटर, तेही जरा वाढवूनच धरलेलं माप. लिटरला साधारण ९ चौरस मीटर धरले तर दोन हातांना १२ लिटर. बिलात २० कुठून आले? त्यातही थिनर किती ओतला, देव जाणे. तांबं भरपूर असलेल्या रंगाचा लिटर दीड ते दोन किलो भरतो, घनता माहितीपत्रकात छापलेली असते. सीलबंद डबा काट्यावर ठेवा. तांबं तळाशी बसतं, म्हणून बुडापासून ढवळलं नाही तर वरचा पातळ लाल रंगच लागतो. आणि झिंकवर, म्हणजे गंज स्वतःवर घेणाऱ्या तळाच्या जस्ताच्या ठोकळ्यांवर, रंग मारलेला दिसला तर काम तिथेच थांबवा. झिंक झाकलं की ते झिजत नाही, मग गंज पंख्याला आणि शाफ्टला खातो.

तक्रारीची कहाणी याहून वाईट. पोलीस ठाण्यात "हा दिवाणी मामला, वकील बघा." का दिवाणी? एपॉक्सी सांगून पॉलिस्टर भरणं ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? तिथून एका सरकारी कार्यालयात पाठवलं, तिथे "हे आमच्या कक्षेत येत नाही." रंगाच्या कंपनीने बॅच नंबर मागितला, आणि डबे तर कंत्राटदार "भंगारात देतो" म्हणत टेम्पोत घालून गेला होता. म्हणून रिकामा डबा एकही हलू देऊ नका, प्रत्येक लेबलचा फोटो काढा. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर तक्रार लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना धाडा, कायद्यात तशी सोय आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षं. "होडी म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही" असं ऐकवतील. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेला माल व्यापारी हेतूत धरत नाहीत, हे त्यांना तिथेच सुनवा.

मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे, देवगड, बंदर कुठलंही असो, पुढच्या मे महिन्यातच काम ठरवा. बिलावर "एपॉक्सी फिलर" हे शब्द, कंपनीचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या. भरलेला खड्डा प्रायमरच्या आधी नखाने टोकरून बघा आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच सोडा, रोख तर अजिबात नको.