फोनात ई-सिम चालत नाही, तरी नंबर ई-सिमवर गेला

ई-सिम म्हणजे कार्डाशिवाय फोनात चालणारं सिम. ही ई-सिमवाली फसवणूक फक्त महागडे फोन वापरणाऱ्यांची होते, हा समज आधी डोक्यातून काढा. माझ्या काकाजींचा फोन साधा, सात-आठ हजारांचा. त्यात ई-सिम चालतच नाही. तरीही त्यांचा नंबर ई-सिमवर गेला आणि त्यामागोमाग खात्यातले कापसाचे पैसे. काकाजी यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात राहतात, मी जवळच्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तक्रारीच्या सगळ्या धावपळीत मी त्यांच्यासोबत होते, म्हणून हे लिहिते आहे.

कापसाचा चुकारा नुकताच जमा झाला होता. दुपारी शेतात वेचणी चालू असताना फोन आला. मोबाइल कंपनीतून बोलतो, तुमच्या सिमची केवायसी संपली, आज अपडेट केलं नाही तर संध्याकाळी नंबर बंद. बोलणारा शुद्ध मराठीत, अदबीनं बोलत होता. ओळख पटवायची म्हणून त्यानं एटीएम कार्डावरचे आकडे विचारून घेतले. मग एक तयार मेसेज पाठवला आणि तो कंपनीच्या नंबरवर पुढे पाठवायला सांगितलं. त्या मेसेजमध्ये एक ईमेल पत्ता होता. तो काकाजींचा नव्हता, चोराचा होता. त्या एका मेसेजनं कंपनीच्या दप्तरी काकाजींच्या नावापुढे चोराचा ईमेल लागला. दुसऱ्या मेसेजनं ई-सिमची मागणी गेली. त्यावर कंपनीचा उलट मेसेज आला, मंजूर असेल तर 1 पाठवा. काकाजींनी 1 पाठवला.

इथेच खरी मेख आहे. तो शेवटचा मेसेज खोटा नव्हता, खरोखर कंपनीचाच होता. "मेसेज कंपनीचाच हाय, मंग भ्याचं काहून?" असं काकाजींना वाटलं तर त्यांना दोष कसा द्यायचा? वरून ते आजही म्हणतात, "ओटीपी म्या कोनालेच सांगतला नाही, पोरी." आणि ते खरं आहे. गेली कित्येक वर्षं आपण गावोगाव एकच सांगत आलो, ओटीपी देऊ नका. इथे चोराला ओटीपी मागायची गरजच पडली नाही. नंबर त्याच्या फोनात सुरू झाल्यावर सगळे ओटीपी थेट त्याच्याकडेच यायला लागले.

ई-सिम म्हणजे वेगळं कार्ड नसतं. फोनात आधीच बसवलेल्या चिपवर कंपनी तुमचा नंबर इंटरनेटवरून चढवते. त्यासाठी ईमेलवर क्यूआर कोड येतो, तो ज्या फोननं स्कॅन केला त्या फोनात नंबर सुरू आणि जुनं कार्ड बंद. दुकानात जाणं नाही, अंगठा नाही. म्हणून धोका तुमच्या हातातल्या फोनला नसून नंबरला आहे, आणि नंबर तर प्रत्येकाकडे आहे.

काकाजींच्या फोनातले टॉवर गेले तेव्हा साडेतीन-चार झाले असतील. शहरात माणूस लगेच चरकला असता. आपल्याकडे लाइन, म्हणजे वीज, गेली की टॉवर जातो, हे रोजचंच. "लाइनच नाही तं टॉवर कुठून राहीन," म्हणून काकाजी निवांत झोपले. दुसऱ्या दिवशी वेचणीच्या बायांची मजुरी द्यायला बँकेत गेले तेव्हा कळलं, रातोरात पावणेदोन लाखांवर रक्कम गेली. मला सगळ्यात जास्त हळहळ या रात्रीची वाटते. कारण त्या संध्याकाळी शेजारच्या घरात त्याच कंपनीच्या फोनवर व्यवस्थित बोलणं चालू होतं. असा फोन येऊन गेल्यावर तुमचे टॉवर गेले, तर आधी त्याच कंपनीचं सिम असलेला दुसऱ्या कोणाचा फोन बघा. त्याचे टॉवर दिसत असतील तर एक मिनिट थांबू नका. त्याच्याच फोनवरून कंपनीला सांगून नंबर बंद करा, बँकेला सांगून खातं गोठवा आणि 1930 ला तक्रार द्या. ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.

वेळ का महत्त्वाची, तेही सांगते. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात असं ठरलं होतं, की ग्राहकाच्या निष्काळजीपणानं पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. काकाजींनी कार्डाचे आकडे दिले, यावर बँकेनं नेमकं बोट ठेवलं. संध्याकाळीच कळवलं असतं तर रात्रीच्या व्यवहारांची गोष्ट वेगळी राहिली असती. कळवल्याचा तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा, तोच पुढे कामी येतो.

ई-सिम वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझी पुण्यातली मावसबहीण वापरते. एकाच फोनात दोन नंबर सोयीचे पडतात, फोन चोरीला गेला तर चोराला कार्ड काढून फेकता येत नाही. पण आपल्याकडचं जगणं वेगळं आहे. फोनची बॅटरी संपली की आपण सिम काढून दुसऱ्याच्या फोनात घालतो आणि काम भागवतो. ई-सिममध्ये ते जमत नाही. फोन पाण्यात पडला की नंबर पुन्हा मिळवायला कंपनीच्या ऑफिसचा रस्ता धरा, आणि ते बहुतेकदा जिल्ह्याच्या ठिकाणी. घरात एकच फोन असेल आणि बँकेचा नंबरही तोच असेल, तर कार्डच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. घ्यायचंच असेल तर स्वतः दुकानात जाऊन घ्या, फोनवर बोलत-बोलत कधीच नको. आणि आजच कंपनीच्या ॲपमध्ये किंवा दुकानात विचारून बघा, तुमच्या नंबरपुढे कोणाचा ईमेल लागलेला आहे.

काकाजींनी नवीन सिम काढलं, त्यासाठी मात्र आधार आणि अंगठा दोन्ही लागले. 1930 च्या तक्रारीमुळे गेलेल्या रकमेपैकी थोडी एका खात्यात अडकवता आली. ती न्यायालयाच्या आदेशानं परत मिळू शकते, त्यासाठी अर्ज केला आहे. बाकीची पुढच्या खात्यांतून काढून घेतली गेली. बायांची मजुरी काकाजींनी उसनवार करून त्याच आठवड्यात चुकती केली.