रिकर्शन शिकायला आधी काय घ्यावं: हनोईची उतरंड की आठ वजीर?

गेल्या उन्हाळ्यात मी हॅस्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली. दिवसभर सोलापुरात होटगी रोडवरच्या ऑफिसात हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळायचं आणि रात्री गच्ची जरा निवली की लॅपटॉप घेऊन वर बसायचं. फॉर लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घ्यायची सोय, नसलेल्या या भाषेत रिकर्शनशिवाय, म्हणजे फंक्शननं छोट्या कामासाठी स्वतःलाच बोलावल्याशिवाय, पान हलत नाही. सरावाला दोन जुनी कोडी समोर होती, हनोईचा मनोरा आणि आठ वजीर. दोन्ही सोडवली. आधी कुठलं घ्यावं या विचारात कुणी असेल तर माझा अनुभव कामी येईल, म्हणून लिहितोय.

हनोई आपल्याकडे समजावून सांगावा लागत नाही. ज्यानं घरात उतरंड पाहिली आहे त्याला तो अर्धा येतोच. मोठं भांडं खाली, त्यावर त्याहून लहान. ती अख्खी उतरंड दुसरीकडे न्यायची. एका वेळी एकच भांडं उचलायचं, लहानावर मोठं ठेवायचं नाही आणि मधे टेकवायला तिसरी एक जागा. एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानं १८८३ मध्ये हे कोडं आणलं. काशीच्या मंदिरातल्या ६४ सोन्याच्या चकत्यांची गोष्ट त्याला चिकटलेली आहे. सेकंदाला एक चाल धरली तरी त्या चकत्या हलवायला सुमारे ५८५ अब्ज वर्षं लागतात.

रिकर्शनचा गाभा हनोई फार स्वच्छ दाखवतो, हे मान्यच करायला हवं. तळातलं भांडं सोडून वरची सगळी कशी हलवायची हे आपल्याला येतंच, असं धरून चालायचं. ती मदतीच्या जागी गेली, तळातलं मुक्कामाला नेलं, मग वरची सगळी त्यावर आणली. झालं. हॅस्केलमध्ये हे दोन-तीन ओळींत मावतं आणि ‘येतंच असं धरून चालणं’ एकदा अंगवळणी पडलं की पुढची बरीच वाट सोपी होते. अर्ध्या तासात उत्तर दिसतं, त्यानं हुरूपही येतो.

पण माझं मन उडालं ते एका गोष्टीमुळे.

माझ्या फंक्शनमध्ये तीन जागा होत्या: ओटा, टेबल, फळी. ओट्यावरून टेबलावर जायचं, फळीची मदत घ्यायची. फंक्शन स्वतःला बोलावतं त्या पहिल्या आतल्या कॉलमध्ये टेबल आणि फळीची अदलाबदल करायला हवी होती, ती माझ्याकडून राहून गेली. कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरनं चकार शब्द काढला नाही. तिन्ही जागांचा टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, एकच, त्यामुळे क्रम उलटसुलट झाला तरी त्याच्या लेखी सगळं बरोबर. वेगवेगळे टाइप देऊनही भागत नाही, कारण भूमिका दर कॉलला फिरतात. आत्ता मदतीची असलेली जागा पुढच्या कॉलमध्ये मुक्कामाची होते. तीन भांड्यांना सात चाली लागतात. मोजल्या, तर सातच आल्या. मी समाधानानं झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात खरेच तीन डबे घेतले. तळात तांदळाचा, त्यावर तूरडाळीचा, वर शेंगाचटणीचा छोटा. प्रोग्रॅमनं दिलेली चालींची यादी वाचत हलवायला लागलो. पहिली चाल, ओट्यावरून टेबलावर: चटणी गेली. दुसरी चाल, पुन्हा ओट्यावरून टेबलावर: डाळीचा डबा चटणीच्या डब्यावर. तिसरी चाल, फळीवरून टेबलावर, आणि फळी तर रिकामी! तेवढ्यात आई आली. “पडंल की रे ते, चटणी सांडंल सगळी,” म्हणत तिनं डबा धरला. तिला एका नजरेत दिसलेली चूक कंपायलरच्या नजरेतून सुटली होती, चालींच्या मोजणीतूनही सुटली होती.

चुकीच्या प्रोग्रॅममधूनही सातच चाली येतात, कारण चालींची संख्या जागांच्या नावांवर अवलंबूनच नाही. शिकवणारं जवळ असेल तर हे खपून जातं. पण माझ्या ओळखीत हॅस्केल येणारं कुणी नाही. एकट्यानं शिकणाऱ्याला, माझ्या मते, आपली चूक आपल्याला सांगणारं कोडं हवं. चाली तपासणारा वेगळा प्रोग्रॅम लिहिता येतो, नाही असं नाही. पण पहिलाच धडा नीट जमलेला नसताना तो दुसरा धडा होतो.

आठ वजिरांचं कोडं मॅक्स बेझेल यांनी १८४८ मध्ये मांडलं. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे ठेवायचे की कुणीच कुणाला मारू नये. उत्तरं ९२, पट फिरवून किंवा आरशात पाहून सारखी दिसणारी एकच धरली तर १२. इथेही तेच धरून चालणं आहे: आधीच्या उभ्या ओळींत वजीर ठेवण्याच्या सगळ्या मांडण्या मिळाल्यात असं समजायचं, प्रत्येकीपुढे नवा वजीर एक ते आठ जागांवर ठेवून पाहायचा, मार बसत नसेल ती मांडणी ठेवायची. फरक हा की इथे तपासणी हाच प्रोग्रॅमचा गाभा असल्यामुळे ती टाळून पुढे जाताच येत नाही.

आणि इथे प्रत्येक चुकीला तिचा स्वतःचा आकडा आहे. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा कुठल्याही पटाला उत्तर शून्य येई. शून्य वजिरांच्या जागी मी रिकामी यादी दिली होती, आणि हवी होती एक रिकामी मांडणी असलेली यादी. शून्य वजीर ठेवण्याची रीत एक आहे, काहीच न ठेवण्याची. या एका वाक्यावर माझी अख्खी संध्याकाळ गेली, पण रिकर्शन कुठे थांबतं आणि थांबताना काय परत देतं, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. हनोईत शेवटी नुसतं गप्प बसायचं असतं, त्यामुळे हा प्रश्न तिथे मला पडलाच नव्हता.

मग तिरपा मार तपासताना मी फक्त शेजारच्या ओळीतला वजीर पाहिला, लांबचे विसरलो. चारच्या पटाला (चार बाय चार घरं, चार वजीर) दोन उत्तरं आली, तीही बरोबर. पाचच्या पटाला मात्र दहाऐवजी चौदा. लगेच कळलं की काहीतरी सुटलंय. तसंच आठवर नेलं असतं तर ५,२४२ आली असती. तिरपं अजिबात तपासलं नसतं तर ४०,३२०. खरी संख्या ठाऊक असली की लपायला जागाच उरत नाही. दुरुस्त केल्यावर पडद्यावर ९२ आले, तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मी गच्चीत उभा राहिलो होतो.

वजिरांना वेळ लागतो, हे खरं. मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि यादीतून यादी घडवायची हॅस्केलची रीत आधी थोडी यावी लागते. तोंडी परीक्षा तोंडावर असेल, किंवा नववी-दहावीतल्या भाचरांना रिकर्शन म्हणजे काय ते दाखवायचं असेल, तर बेशक हनोई घ्या. डबे घरातच आहेत. ज्यांना कुणी तपासून देणारं आहे, त्यांनाही माझी अडचण कदाचित येणार नाही.

वजीर घेतलेत तर आठपासून सुरू करू नका. चौकटीच्या वहीत चारचा पट आखा आणि हातानं दोन्ही उत्तरं काढा: २-४-१-३ आणि ३-१-४-२ (प्रत्येक उभ्या ओळीतला वजीर कितव्या घरात, ते ओळीनं). मग प्रोग्रॅमकडून पाच, सहा, सात काढून घ्या. दहा, चार, चाळीस यायला हवेत. सहाला पाचपेक्षा कमी येतात म्हणून घाबरू नका, ते तसंच आहे. आणि पाचला चौदा आले, तर लांबचे वजीर तपासायचे राहिलेत.