हस्तलिखित बांधायचंय? खडे बाजाराच्या मागच्या बोळातले बायंडरकाका

खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवते. आमचं हस्तलिखित दरवर्षी निघायचं, पण कसं? जिचं अक्षर मोत्यासारखं तिनं सगळं लिहायचं, संपादकीय मी लिहायचं, गॅदरिंगला पाहुण्यांच्या हातून प्रकाशन, की थेट कपाटात.

यंदा शालेय मंत्रिमंडळातली सांस्कृतिक मंत्री, दहावीची मुलगी, म्हणाली, "बाई, ज्याचं लिखाण त्याच्याच अक्षरात. वाकडं असलं तर असू दे." विषयही मुलांनीच ठरवला: हादगा. हस्त नक्षत्र सप्टेंबरअखेर लागतं आणि पुढं दसऱ्याची सुट्टी येते, त्यामुळं शाळेतला हादगा कधीच बंद पडला होता. मुलांनी तो सुट्टीआधी उरकला. पाटावर हत्ती काढला, मुलगेही फेरात उतरले, आणि घरोघरच्या आज्यांकडून गाणी लिहून आणली. एकाच गाण्याची तीन गावांतली तीन रूपं मिळाली. तिन्ही ठेवली.

मग बांधणी. बेळगावातल्या एका दुकानात मुलांकडं न बघता मला सांगितलं, "स्पायरल मारून घ्या मॅडम, अर्ध्या तासात देतो." बरोबर आलेल्या दोन्ही मुलींचे चेहरे उतरले. दुसऱ्या शनिवारी पुन्हा गेलो. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं मुलींना आणि मला बस फुकट, तिकीट काय ते एकट्या उपसंपादकाचं.

या वेळी खडे बाजाराच्या मागच्या बोळात बायंडरकाकांकडं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "संपादक कोण तुमच्यातलं?" तिथून पुढं ते माझ्याशी जवळजवळ बोललेच नाहीत. आमची सुटी 48 पानं होती. सुट्या पानांची जुजबंदी (मधे दुमडलेल्या पानांचे जुज, म्हणजे छोटे गठ्ठे, घडीवर शिवून केलेली बांधणी) होत नाही, हे मलाही माहीत नव्हतं. त्यांनी पातळ कागदाच्या पट्ट्या कापल्या, खळ पुढं ठेवली आणि पानं दोन-दोन जोडायला मुलांनाच बसवलं. आठ पानांचा एक जुज: पहिल्याला आठवं, दुसऱ्याला सातवं, तिसऱ्याला सहावं, चौथ्याला पाचवं. पहिला जुज चुकला, ओल्या पट्ट्या सोडवून परत लावल्या. सहावा त्यांनी काकांकडं न बघता लावला. खळीत मोरचूद कशाला घालतात (कसर लागू नये म्हणून), तेही तिथंच कळलं. दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवलेला तो गठ्ठा आजही कुठल्याही पानावर सपाट उघडतो.

आता खटकलेलं. चार दिवसांचा वायदा होता, नऊ दिवस लागले. कडा कापताना एका आजीच्या गाण्याच्या ओळींची शेवटची अक्षरं गेली. समास सोडलाय का, हे काकांनी शिवायच्या आधी विचारायला हवं होतं. त्यांनी चूक लगेच कबूल केली, पण पुढं काय करायचं ते संपादिकेनं ठरवलं. सातवीतल्या त्या नातीनं पान पुन्हा लिहिलं आणि काकांनी ते पैसे न घेता जुन्या पानाच्या जागी बसवून दिलं. नीट पाहिलं तर जोड दिसतो.

मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरं हवी होती. काकांकडं अक्षरं छापायचे कन्नड खिळे (ठसे) पूर्ण आहेत, मराठी खिळ्यांत 'ळ' नाही. 'शाळा' शब्द छापायचा कसा? नववीतल्या एका मुलानं शाळेचं नाव काळ्या रेक्झिनवर पांढऱ्या ऑइलपेंटनं काढलं. मला ते सोनेरीपेक्षा आवडलं.

एकूण 380 रुपये झाले. स्पायरलच्या मानानं जास्त, कामाच्या मानानं कमी. हस्तलिखित सध्या कपाटात नाही, मुलं आळीपाळीनं घरी नेतात. परवा ते परत आलं तेव्हा एका पानावर कुणाच्या तरी आजीनं पेन्सिलीनं राहिलेलं कडवं लिहून पाठवलं होतं.

गॅदरिंगच्या हंगामात जाणार असाल तर पंधरा दिवस हाताशी ठेवा आणि चारी बाजूंनी अर्धा इंच सोडून लिहा. मुलांना मात्र बरोबर न्याच.