छोट्या शिडाच्या नौकेसाठी घरचं बंदर: मरिना, मूरिंग की सुकणारी खाडी?

पर्याय तीन: मरिना (तरंगत्या धक्क्यांचं नौकाबंदर), मूरिंग (तळाशी ठेवलेल्या जड ठोकळ्याला साखळीने नौका बांधण्याची जागा) आणि सुकणारी खाडी (ओहोटीला जिचा तळ उघडा पडतो). सात-आठ मीटर लांबीची नौका कायम कुठे ठेवायची हे ठरवताना वीज, पाणी आणि भाड्याची चौकशी आधी होते. त्याआधी दोन गोष्टी तपासा. तुम्हाला ज्या वेळी सवड असते, त्या वेळी तिथून बाहेर पडता येतं का? आणि हवा बिघडल्यावर आत शिरता येतं का?

सुकणारी खाडी

भाडं सर्वांत कमी, आडोसा बहुधा उत्तम. पण इथे सगळा हिशेब पाण्याच्या तासांचा. समजा जागेचा तळ चार्टच्या (समुद्री नकाशाच्या) शून्य पातळीपेक्षा, म्हणजे साधारण सर्वांत खालच्या ओहोटीपेक्षा, १.५ मीटर वर आहे, दोन कीलच्या (तळाला दोन पाती असलेल्या, सुकल्यावर उभ्या राहणाऱ्या) नौकेचा ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) १ मीटर आहे आणि कीलखाली ०.३ मीटर पाणी हवं आहे. म्हणजे पाणी २.८ मीटरवर आल्याशिवाय नौका हलत नाही. उधाणाची (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची, सर्वांत मोठी) ओहोटी ०.५ आणि भरती ४.५ मीटर असेल तर चढ ४ मीटरचा. सहा तासांत पाणी तासागणिक एकूण चढाच्या १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या भागांनी चढतं, असं धरलं तर २.८ ची पातळी ओहोटीनंतर सुमारे ३ तास २० मिनिटांनी येते. भरतीच्या आधी २ तास ४० मिनिटं आणि नंतर तेवढीच, एवढीच मोकळीक. भांगाची (अष्टमीच्या सुमाराची, सर्वांत लहान) भरती २.६ मीटरपर्यंतच चढत असेल, तर काही दिवस नौका जागची हलणारच नाही.

भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. या शनिवारी सकाळी ९ ला असेल तर पुढच्या शनिवारी दुपारी ३ च्या आसपास. म्हणजे फक्त सुट्टीच्या दिवशी जाणाऱ्याला सकाळची सोयीची वेळ एक आठवडा सोडून मिळते. आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही: दिवसाला दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर, एखाद्या बंदरात उधाणाची भरती घड्याळाच्या साधारण त्याच वेळी येते. ती सकाळी-संध्याकाळी ६ च्या सुमारास येत असेल, तर दुपारच्या भरत्या भांगाच्या, म्हणजे उथळच असणार.

फिन कीलची (तळाला मधोमध एकच खोल पातं असलेली) नौका इथे आडवी होते; आधाराचे पाय लावले तरी तळ सपाट आणि घट्ट हवा. ओहोटीला स्वतः चालत जाऊन दगड, जुन्या साखळ्या आणि उतार पाहा. उथळ पाण्यात इंजिन चालवलं की गाळ आत ओढला जातो, गाळणी तुंबते आणि थंड पाण्याच्या पंपाचा इंपेलर (फिरणारं रबरी चाक) झिजतो.

मूरिंग

खोल पाण्यात असेल तर कोणत्याही वेळी निघता येतं, हा मोठा फायदा. भरवसा मात्र न दिसणाऱ्या सामानावर. काँक्रीटचा ठोकळा पाण्यात आपलं ४० टक्क्यांहून जास्त वजन गमावतो. एक टनाचा ठोकळा तळाशी जेमतेम ५७० किलोंचा. साखळी उधाणाच्या भरतीच्या खोलीच्या निदान तिप्पट असावी आणि तेवढ्या घेऱ्यात दुसरी नौका नसावी. साखळी सर्वांत जास्त झिजते ती तळाला टेकते-उचलते त्या भागात. शॅकलची (साखळी जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने बांधलेली आहे का, दोर नौकेच्या नाकाशी घासतो का, हे वादळी मोसमाआधी बघा. खालची तपासणी वर्षातून एकदा पाणबुड्याकडून. किनाऱ्यावरची वीज नसल्यामुळे बिल्जपंपाची (नौकेच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) बॅटरी सोलर पॅनेलवर चालली पाहिजे.

खरी जोखीम किनारा ते नौका डिंगीतल्या (छोट्या होडीतल्या) येण्याजाण्याची आहे. अंधार, भरलेलं सामान, उलटा प्रवाह. लाइफ जॅकेट इथेच सर्वांत जास्त लागतं.

मरिना

तरंगत्या धक्क्यावरून थेट नौकेत पाय ठेवता येतो, त्यामुळे तासाभराची सवड असली तरी फेरी होते. पण बंदराच्या मुखातून लांब लाटांचा हेलकावा आत येत असेल तर दोर आणि क्लीट (दोर बांधायचे खुंटे) रात्रंदिवस ओढले जातात. लवचीक नायलॉनचे दोर आणि घासण्याच्या जागी संरक्षक नळी हवीच. धक्क्याच्या विजेच्या अर्थिंगमधून शेजारच्या नौकांशी विद्युत जोड तयार होतो आणि तुमचे झिंक अॅनोड (इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे) झपाट्याने संपतात. हा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा, आणि अॅनोड निम्मे झिजले की बदला.

मुख: तिन्हींना लागू

बंदराच्या किंवा खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा (पाण्याखालचा उथळ पट्टा) असेल तर नुसता ड्राफ्ट बघून चालत नाही. लाट तिच्या उंचीच्या साधारण १.३ पट खोलीवर फुटते. म्हणजे २ मीटरची लाट २.६ मीटर पाण्यात. १.५ मीटर ड्राफ्टची नौका तिथे तरंगेल, पण फुटणाऱ्या लाटेत आडवी फिरू शकते. ओहोटीचा प्रवाह समोरून येणाऱ्या लाटांना भिडला की त्या आणखी उभ्या होतात. इंजिनवर ५ नॉट (तासाला ५ सागरी मैल) मिळत असतील आणि प्रवाह ३ नॉटचा असेल, तर हाती उरतात २. करार करण्याआधी समुद्राकडून वारा असताना, ओहोटीच्या मधल्या तासांत मुख किनाऱ्यावरून पाहा.

शेजारची बंदरंही मोजा. ५ नॉटने पाच-सहा तासांत २५ ते ३० सागरी मैल होतात. तेवढ्यात दोन्ही दिशांना आडोसा नसेल, तर मुक्कामी सफरी हळूहळू बंद पडतात.

आमचा कल असा: फिन कील आणि फक्त सुट्टीचे दिवस असतील तर मरिना, ती परवडत नसेल तर खोल पाण्यातलं मूरिंग. दोन कील आणि वेळ स्वतःच्या हातात असेल तर खाडीसारखी जागा नाही. पक्कं करण्याआधी भरतीच्या तक्त्यावर पुढच्या तीन महिन्यांतल्या आपल्या सुट्ट्या खुणा करून, त्या दिवशी उजेडात जाऊन-येऊन होतं का, हे मोजा. शक्य असल्यास वर्षाऐवजी आधी एका मोसमाचाच करार करा.