शेक घेण्याआधी शंकास्पद दाढ: काढावी की राखावी?

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी शेक (म्हणजे रेडिएशन) घ्यायचं ठरलं की आधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवतात. तिथे एखादी दाढ खोल किडलेली किंवा हलणारी निघते. मग ती आत्ताच काढायची, की रूट कॅनॉल करून ठेवायची? कॅन्सरच्या धास्तीपुढे हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याचे परिणाम शेक संपल्यावर कित्येक वर्षं भोगावे लागू शकतात.

शेकानंतर दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे लाळ. गाठीला साधारण ६० ते ७० ग्रे (ग्रे हे शेकाच्या मात्रेचं माप) मात्रा द्यावी लागते. कानापुढच्या लाळग्रंथींवर मात्र सरासरी २५ ग्रेच्या वर मात्रा गेली, तरी लाळ आटण्याचा धोका बराच वाढतो. दुसरं जबड्याचं हाड. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत जातात आणि जखम भरून काढायची हाडाची ताकद कमी होते. वरच्या जबड्याला रक्तपुरवठा चांगला असल्याने तो बराच तग धरतो. खालच्या दाढांखालचं हाड मात्र लवकर हार मानतं.

आधी काढण्याचा मोठा फायदा हाच, की जखम अजून धडधाकट असलेल्या हाडात भरते. त्यासाठी पहिल्या शेकाआधी निदान दोन आठवडे हवेत, तीन मिळाले तर उत्तम. पण दातांसाठी शेक लांबवणं मला कधीच पटत नाही, कॅन्सर थांबून राहत नाही. आणि सरसकट सगळे दात काढायची जुनी पद्धत मागे पडली ते बरंच झालं. कोरड्या तोंडात कवळी टिकत नाही, हिरडी सोलवटते, जेवण नकोसं होतं.

राखलेल्या दाढेने चावता येतं, पण तिची चाकरी जन्मभराची. लाळ आटल्यामुळे शेकानंतरची कीड वेगळीच असते. हिरडीलगत दाताच्या मानेभोवती तपकिरी कडं धरतं, एरवी सहसा न किडणारे खालचे पुढचे दातसुद्धा त्यात सापडतात, आणि एक दिवस दाताचा वरचा भाग तुटून हातात येतो. बऱ्याचदा तोवर दुखतही नाही. हे टाळायला दातांच्या मापाच्या साच्यात फ्लोराइड जेल भरून ते रोज लावायचं किंवा जास्त फ्लोराइडची पेस्ट वापरायची, आणि दर तीन-चार महिन्यांनी तपासणी. शिवाय शेकाने जबड्याचे स्नायू आखडतात. तोंड ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडू लागलं की मागच्या दाढेपर्यंत ना ब्रश नीट जातो, ना डॉक्टरांची अवजारं. मागची दाढ राखताना ही अडचण फार थोडे लोक लक्षात घेतात.

आणि राखलेली दाढ नंतर काढावीच लागली तर? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, शेकानंतर दात काढलेल्या सुमारे ७ टक्के रुग्णांचं तिथलं हाड मेलेलं आढळलं. खड्डा महिनोन्महिने भरत नाही, हिरडीतून पिवळट हाड उघडं दिसतं, बळावलं तर जबडा मोडतो. दाबाखालच्या ऑक्सिजनने (बंद खोलीत जास्त दाबाखाली श्वासावाटे घ्यायच्या ऑक्सिजनने) हे टळेल या भरवशावर राहू नका. नेमकं हेच तपासणाऱ्या २०१९ च्या ‘होपॉन’ नावाच्या वैद्यकीय चाचणीत तो घेतलेल्यांत हे प्रमाण ६.४ टक्के होतं, न घेतलेल्यांत ५.७, म्हणजे फायदा दिसला नाही.

तेव्हा रेडिएशनच्या डॉक्टरांना थेट विचारा, ‘या दाताखालच्या हाडाला किती ग्रे जाणार?’ खालची शंकास्पद दाढ जास्त मात्रेच्या पट्ट्यात येत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे, आत्ताच काढा. दात पट्ट्याबाहेर किंवा वरच्या जबड्यात असेल, हिरडी घट्ट असेल आणि रोजचं फ्लोराइड तुमच्याकडून खरंच होणार असेल, तर राखा. ते होणार नाही असं मनातून वाटत असेल, तर डॉक्टरांना तसं खरं सांगा. त्यावर निर्णय बदलतो.

शेक आधीच होऊन गेला असेल, तर दात ओढायची घाई नको. पुष्कळदा रूट कॅनॉल करून वरचा भाग कापतात आणि मूळ हाडातच ठेवतात. दिसायला अर्धवट वाटलं तरी हाडाला जखम होत नाही. नव्या दंतवैद्याकडे जाताना मात्र शेक कुठे आणि किती घेतला याचा कागद बरोबर ठेवा, मग त्याला वीस वर्षं का झाली असेनात.