टॅक्स कमी म्हणून फुरसुंगीत घर घ्यावं का? महापालिका, नगरपरिषद आणि ग्रामपंचायत शेजारी ठेवून बघू

माझा मावसभाऊ सोलापूर रोडला टू बीएचके शोधतोय. बघून बघून तीन फ्लॅटवर आलाय, एक मांजरी बुद्रुकला, एक फुरसुंगीत आणि एक लोणी काळभोरला. तिन्ही एकाच पट्ट्यात, पण हद्द तिघांची वेगळी. मांजरी बुद्रुक २०२१ पासून पुणे महापालिकेत, फुरसुंगी महापालिकेत जाऊन परत बाहेर आलेली आणि आता नगरपरिषद, लोणी काळभोर अजून ग्रामपंचायत. एजंटने त्याला सांगितलं, "साहेब फुरसुंगीला घ्या, टॅक्स वाचतो." त्याने मला फोन केला, दादा खरंच एवढा फरक पडतो का? फरक पडतो, पण एजंट सांगतोय तेवढाच नाही, म्हणून सगळं लिहूनच काढतोय, त्याच्यासारखे अजून बरेच जण याच पेचात असणार.

आधी फुरसुंगीचं, कारण ते समजलं की बाकीचं आपोआप कळतं. २०१७ मध्ये पुण्यात ११ गावं घेतली त्यात फुरसुंगी आणि उरुळी देवाची होती. पुण्याचा कचरा कित्येक वर्षं याच दोन गावांच्या उरावर, डेपोचा वास, खराब झालेल्या विहिरी, त्यासाठी झालेली आंदोलनं हे सगळं तिथल्या लोकांनी भोगलंय. हद्दीत गेल्यावर टॅक्स शहराच्या हिशोबाने वाढायला लागला, पाणी मात्र टँकरचंच, मग लोक म्हणाले आम्हाला तुमची महापालिकाच नको. मला त्यांचा राग शंभर टक्के पटतो. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने ही दोन गावं वगळायची घोषणा केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद झाली.

मग आता तिथे टॅक्स कमी? आज कमी, हो. पण नगरपरिषदेचा कायदा वेगळा आहे, १९६५ चा, त्यात दर चार वर्षांनी नव्याने आकारणी होते, त्याला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात, घरोघरी मोजमाप होतं, नोटीस येते, हरकती घेतात. म्हणजे आजची पावती बघून पुढच्या वीस वर्षांच्या लोनचा हिशोब मांडायचा नाही. आणि नगरपरिषदेची स्वतःची कमाई लहान असते, तिचा मोठा आधार म्हणजे सरकारकडून येणारं सहायक अनुदान आणि वित्त आयोगाचा निधी. मोठा रस्ता, ड्रेनेज लाईन, पाण्याची टाकी हे घरपट्टीतून होत नाही, त्यासाठी आमदार-मंत्र्यांकडून निधी आणावा लागतो आणि सरकार बदललं की कामाची गती पण बदलते.

महापालिकेकडे या. पुण्याचं २०२५-२६ चं बजेट १२,६१८ कोटींचं. आकडा मोठा दिसतो पण दरवर्षी बजेट फुगतं आणि जमा मागे राहते, मग वर्षाच्या शेवटी कुठली तरी कामं मागे पडतात, आणि मागे पडणाऱ्यांत समाविष्ट गावं, म्हणजे हद्दीत नव्याने घेतलेली गावं, पुढे असतात. याचं मूळ जुनं आहे. पूर्वी जकात होती, रोज पैसा यायचा. २०१३ ला पुण्यातली जकात जाऊन एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांना एलबीटी माफ झाली, २०१७ ला जीएसटी आला आणि तेव्हापासून महापालिका सरकारकडून येणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून बसते. स्वतःच्या हातात राहिलेला मोठा कर म्हणजे मिळकतकर, आणि नेमका त्यालाच हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. २०२१ मध्ये प्रशासनाने ११ टक्के वाढीचा प्रस्ताव आणला होता, पुढच्या वर्षी निवडणूक अपेक्षित होती, नगरसेवकांनी फेटाळला.

सवलतीचं तर विचारूच नका. स्वतः राहत असलेल्या घराला पुण्यात १९७० पासून ४० टक्के सवलत होती. ऑडिटमध्ये आक्षेप आला, सरकारने ती काढली, लोकांना फरकाची बिलं यायला लागली, पेन्शनवर जगणाऱ्या माणसाच्या दारात अचानक हजारोंची थकबाकी. मार्च २०२३ ला कसब्याच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला, काँग्रेसचे रवींद्र धंगेकर निवडून आले, आणि एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने सवलत परत दिली. सवलत योग्यच होती असं माझं मत आहे, पण ज्या पद्धतीने गेली आणि आली त्यात एक गोष्ट दिसते, तुमचं बिल मुंबईतल्या एका बैठकीत वर-खाली होतं आणि खड्डा पडतो तो महापालिकेच्या तिजोरीत. तिकडे मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून पूर्ण माफी आहे, १६ लाखांवर घरं त्यात आली. पिंपरी-चिंचवडला शास्तीकर, म्हणजे अनधिकृत बांधकामांवरचा दंडाचा कर, आधी लहान घरांना माफ झाला, मग २०२३ मध्ये सगळाच. पण मुंबईकडे हजारो कोटींच्या ठेवी आहेत, तिला असली माफी झेपते तशी प्रत्येक शहराला झेपेलच असं नाही.

मांजरीचा फ्लॅट घेणार असाल तर हे नीट वाचा. समाविष्ट गावांत टॅक्स एकदम शहराएवढा लावत नाहीत, टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात. म्हणजे विकणारा दाखवतोय ती पावती शेवटची नाही, वर चढणाऱ्या जिन्याची मधली पायरी आहे. दुसरं म्हणजे मार्च २०२४ मध्ये लोकसभेच्या तोंडावर सरकारने या गावांतल्या थकबाकी वसुलीला स्थगिती दिली. स्थगिती म्हणजे माफी नाही! आकडा खात्यावर तसाच राहतो, आणि मिळकतकराचा बोजा मिळकतीवर असतो, मालक बदलला तरी तो घरासोबत तुमच्याकडे येतो. पुण्यात थकबाकीला महिन्याला २ टक्के शास्ती म्हणजे दंड लागतो, म्हणजे वर्षाला २४. त्यामुळे रिसेल असेल तर टोकन द्यायच्या आधी मिळकत क्रमांक टाकून ऑनलाईन थकबाकी बघा, ना हरकत दाखला मागा, आणि ताबा मिळाल्यावर लगेच पीटी-३ फॉर्म, म्हणजे घरात स्वतः राहतो म्हणून सवलत मागायचा अर्ज, भरा. फी २५ रुपये, सोबत सोसायटीचं पत्र आणि मतदार कार्ड किंवा गॅस कनेक्शनसारखा राहण्याचा पुरावा. हा फॉर्म राहिला की ४० टक्के सवलत गेली. सोप्या हिशोबाने, वार्षिक करपात्र रक्कम ३०,००० धरली तर सवलतीनंतर १८,००० वर कर बसतो, म्हणजे एका फॉर्मवर केवढा फरक आहे बघा.

लोणी काळभोरचं थोडक्यात. ग्रामपंचायतीची घरपट्टी तिघांत सगळ्यात हलकी, सरपंच ओळखीचा असतो, ग्रामसभेत उभं राहून विचारता येतं. पण मोठ्या सोसायट्यांचं सांडपाणी, कचरा, रस्ते हे गावच्या पंचायतीच्या आवाक्याबाहेरचं काम आहे. आणि हा पट्टा ज्या वेगाने वाढतोय ते बघता गाव कायम ग्रामपंचायतच राहील असं धरून चालू नका, उद्या हद्द बदलली की वरची सगळी गोष्ट पहिल्यापासून. अजून एक, नमुना ८ चा उतारा दाखवून कुणी मालकी सिद्ध करत असेल तर थांबा, तो टॅक्सचा कागद आहे, मालकीचा नाही. सात-बारा आणि पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) बांधकाम परवानगी वेगळी बघावीच लागते.

आता जो आकडा एजंट सांगत नाही तो. ओळखीच्या एका सोसायटीत मी वर्षभर हिशोबाला मदत केली, तिथे गेटवर टँकरचं रजिस्टर असायचं, लांब लाल वही, तारीख, गाडी नंबर, लिटर, ड्रायव्हरची सही. पावसाळ्यात एका पानावर पंधरा दिवस मावायचे, एप्रिल-मे मध्ये एक पान एका दिवसात भरायचं, पहाटे साडेचारची पण एन्ट्री असायची. वर्षाची बेरीज केली आणि फ्लॅटच्या संख्येने भागली तर तिथल्या प्रत्येक घराचा टँकरचा खर्च त्याच्या टॅक्सपेक्षा जास्त निघाला. एसटीपीची (सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेची) वीज आणि कचरा उचलणाऱ्या खासगी गाडीचे पैसे मी धरलेच नव्हते. टॅक्सची पावती वर्षातून एकदा-दोनदा येते म्हणून डोळ्यात खुपते, मेंटेनन्स दर महिन्याला जातो म्हणून कुणी बघत नाही.

त्यामुळे भावाला मी एवढंच सांगितलं की तिन्ही सोसायट्यांच्या बाबतीत टॅक्स, टँकर आणि ड्रेनेज-कचऱ्याचा खर्च एका कागदावर घे, वर्षाचा घे, आणि मग तुलना कर. तिघांत नळाचं पाणी येत असेल तिथे वर्षाला आठ-दहा हजार टॅक्स जास्त गेला तरी माझी पसंती तिथेच. तिन्हीकडे टँकरच असेल तर मात्र मी मांजरी घेईन, कारण टॅक्स वाढला तरी पाण्याची लाईन टाकायला आणि ती पुढे चालवायला लागणारा पैसा उभा करायची ताकद या तिघांत महापालिकेकडेच आहे, आणि टॅक्स भरतो म्हणून तिथे हक्काने भांडता येतं. फुरसुंगीत आईवडील किंवा शेत असेल, तिथलंच माणूस असाल तर गोष्ट वेगळी, नगरपरिषद तुमची आहे, पहिल्या आकारणीच्या वेळी हरकत घ्यायला हजर राहा म्हणजे झालं.

भावाने अजून टोकन दिलेलं नाही. रविवारी आम्ही दोघं मांजरीच्या सोसायटीत जातोय, सेक्रेटरींनी मे महिन्याचं टँकर रजिस्टर दाखवायचं कबूल केलंय.